पस्तीस शब्दांची परीक्षा

वीज गेली तेव्हा माझी दोन मिनिटं नऊ सेकंद उरली होती.

"बरं झालं गेली," मी पुटपुटले.

"कावून हो, बरं कसं?"

टेबलाखालून आवाज आला आणि पाठोपाठ हातात वायर घेतलेला एक तरुण बाहेर आला. वडवणीच्या आमच्या टायपिंग क्लासातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला तो बीडहून यायचा. संगमेश.

मी खरं ते सांगून टाकलं. टाइपरायटरवर माझी बोटं पळायची. पण कॉम्प्युटरवर, पडद्याच्या कोपऱ्यात, सेकंद उलटे पळत असत... नजर तिकडं गेली की बोटं थिजायची. पंधरा दिवसांवर लिपिकाची परीक्षा. मिनिटाला पस्तीस शब्द. नाही जमलं, तर माझे वडील, अण्णा, लातूरच्या स्थळाला होकार कळवणार होते.

"तिकडं बघायचंच न्हाई," तो म्हणाला.

"मग कुठं बघू?"

"कागदाकडं बघा की..." पण त्याचे कान लाल झाले होते.

मग तो एक दिवसाआड येऊ लागला. धड चालणारी मशीनही उघडून बसायचा. मी टाइप करताना त्याचा स्क्रूड्रायव्हर थांबलेला असायचा — ते मला न बघताही कळायचं. तरी धास्ती जाईना. भाकरी थापताना मी सेकंद मोजायची. "अगं, करपली," आई म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी बीडला तो परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभा होता. आत मी कागदाकडंच बघत होते. शेवटी एकदाच नजर चुकली... आणि हात थांबले. निकालही मशीननं तिथल्या तिथं दिला. बत्तीस शब्द. धड आशा करायलाही वेळ मिळाला नाही.

"अण्णा आज आठ वाजता लातूरला फोन करणार," मी बाहेर येऊन सांगितलं.

"आजच?" तो पायाखालची खडी बघत राहिला. "मला वाटलं होतं... दिवाळीपर्यंत हळूहळू बोलीन."

"काय बोलाल?"

"तुमी लातूरला जाऊ नका. माझ्यासाठी."

"हे अण्णांसमोर बोलाल? वडवणीला पाचची गाडी आहे."

गाडी लागली तेव्हा तो माझ्याआधी चढला.

अण्णा, म्हणजे मन्मथप्पा, दुकानात ज्वारी मापत होते. मी एका दमात सांगितलं — नापास झाले, तीन महिन्यांनी पुन्हा बसणार, लातूर नको. आणि हे संगमेश.

संगमेशनं वाकून नमस्कार केला. "मला शिवांजलीशी लग्न करायचंय," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते.

अण्णांनी हातातलं माप पुरतं भरलं, गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतलं. मी श्वास धरून उभी. मग ते फोनपाशी गेले, लातूरचा नंबर फिरवला.

"पोरीला आणखी शिकायचंय," ते फोनवर म्हणाले. "आमच्यासाठी थांबू नका."

फोन ठेवून त्यांनी संगमेशकडं नीट पाहिलं.

"बसा," अण्णा त्याला म्हणाले. "चहा घेऊन जा."