वरच्या बर्थवरची बाई

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या सुइलानमावशीच्या बाबतीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चंद्रोत्सव नुकताच उलटला होता. मावशी तिएनशुईहून शांघायच्या गाडीत बसली. तिच्या लेकीला, युनशूला, पहिलं बाळ झालं होतं. मावशीने बादलीभर राळे घेतले होते आणि त्यात गावठी अंडी पुरली होती.

तिला मधला बर्थ मिळाला. खाली खंगकाका नावाचे एक म्हातारे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते.

"काय बाई, शांघायला अंडी उबवायला निघालात का?"

"आधी तुमची तंगडी आवरा. बादली लवंडेल माझी!"

सगळे हसले. मग डब्यातले दिवे मालवले.

मावशीचा डोळा लागणार, तेवढ्यात...

"लेकीकडे का?"

वरच्या बर्थवरून बाईचा आवाज. दबका. मायाळू.

मावशीला बोलायला माणूस लागतंच. तिने सगळं सांगून टाकलं. इमारत कुठली, मजला कितवा. जावई रात्रपाळीला जातो, पोर एकटीच जागते.

"बाळ कुणावर गेलंय?"

"माझ्यावर, असं म्हणतात."



वरून हळूच, "मग मला ओळखेल."

मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

मध्यरात्री कुठल्याशा स्टेशनात गाडी थांबली. शिडी करकरली. कुणीतरी अनवाणी खाली उतरत होतं... मावशीच्या तोंडावरून गार वारा गेला.

पण शिडीवर कुणीच नव्हतं.

सकाळी तिने डब्याची देखभाल करणाऱ्या मुलीला विचारलं, "वरच्या बाई रात्री उतरल्या का गं?"

"काकू, तो बर्थ रिकामाच आहे. कालपासून."

वर पांघरुणाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

खंगकाका आता हसत नव्हते. "मी ऐकलं तुमचं बोलणं," ते म्हणाले. "विचारणाऱ्याही तुम्हीच होतात, बाई. सांगणाऱ्याही तुम्हीच. दोन्ही आवाज तुमचेच."

मावशी शांघायच्या स्टेशनातून पळतच निघाली. युनशूच्या दाराची बेल वाजवत राहिली.

युनशूने दार उघडलं आणि ती पांढरीफटक पडली.

"आई... तू बाहेर कधी गेलीस?"

"बाहेर? अगं, आत्ता येतेय मी!"

"पहाटेच आलीस ना! म्हणालीस, दिवा लावू नकोस, बाळ उठेल. तू झोप, त्याला मी घेते..."

पुढचं मावशीने ऐकलंच नाही. ती आतल्या खोलीत धावली.

बाळ पलंगावर होतं. एकटं. सुखरूप. पांघरूण चारी बाजूंनी घट्ट खोचलेलं. शेजारच्या उशीवर डोक्याचा खळगा...

आणि बाळ खळग्याकडे बघून हसत होतं.

मावशीने त्याला उचललं मात्र, त्याने जो टाहो फोडला तो ती खोलीबाहेर जाईपर्यंत थांबला नाही.

अजून तसंच आहे. पोरगा आता बोलायला लागलाय. परवा युनशूने व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्यापुढे धरला. "बघ, आजी!"

त्याने मावशीच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"ही नाही," तो म्हणाला आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

युनशू घर बदलणार आहे. पण मावशी म्हणते, नवा पत्ता मला सांगूच नका.