माणिकबाईंच्या बरण्या

त्या सकाळी केशवरावांनी बरण्या उघडल्या आणि त्यांना कळले, की माणिकबाईंच्या किड्यांचा वंश संपला. माद्या अंडी न घालताच मेल्या होत्या. एकच उरली होती.

ते अकोल्याहून अमरावतीला आले आणि खाजगी तपासनीस महादेवरावांसमोर बसले.

"मी शेतकी शाळेत मास्तर. वालावरची कीड अभ्यासाला आणली, पण पिढ्यान्‌पिढ्या वाढवली माझ्या बायकोनं, माणिकबाईनं. आम्हांला मूल नव्हतं. ती गेली, आता हेही. कोणीतरी विष घातलं."

"किड्यांचा खून?" सोबती सहदेव हसला. महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिले.

अकोल्यात महादेवरावांनी विचारताच केशवरावांच्या शेजारचा देवीदास भडकला. "तंबाखूचं पाणी मी माह्या वालाच्या वेलावर मारतो. तुमच्या घरात कायले येऊ? अन्‌ माहे किडे तरी कुठं मेले!"

खरेच, त्याच्या वेलावर किडे होते. पानावर अंड्यांच्या रांगा, त्यांच्याखाली तपकिरी ठिपके. नुकती निघालेली पिलं तिथेच तोंड खुपसून बसली होती.

केशवरावांच्या घरी बरणीतल्या वाळल्या पानांवर अंड्यांची रिकामी टरफलं होती. ठिपका एकही नव्हता. उरलेली मादी खुजी, फिकी होती.

केशवरावांची बहीण गोदाबाई चहा घेऊन आली. "वैनीले घाण खपत नसे. सुतक फिटलं तवा सारं घर धुतलं, बरण्याई धुतल्या. अंडी हलू देली नाई, ओल्या फडक्यानं पानं पुसली. मंग म्हातारे किडे वयानं मेले, पण पिलं निघाली ना!"

ती आत गेल्यावर महादेवराव म्हणाले, "विष नाही. विषानं पिलं वाढलीच नसती. ही वाढली, पण खुजी आणि वांझ. जन्मतानाच काही कमी पडलं."

"काय?" सहदेवने विचारले.

"तो ठिपका. आई अंड्यांसोबत ठेवते, पिलू आधी तोच चोखतं. देवीदासच्या पानावरचा मास्तरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, जंतूंनी भरलेला आहे. ते पोटात गेले तरच पिलू धड वाढतं, अंडी घालतं."

"अन्‌ गोदाबाईंनी घाण समजून पुसला!" सहदेव म्हणाला.

केशवरावांनी बरणी जवळ ओढली. "देवीदासच्या वेलावरचा ठिपका हिला दिला तर?"

"तो जन्मताच लागतो, मास्तर."

आतून गोदाबाईने हाक दिली, "दादा, चहा निवून राहिला!"

"आलो," केशवराव म्हणाले.

मादी दुसऱ्या आठवड्यात मेली. तिने काय पुसले, ते केशवरावांनी गोदाबाईला अजून सांगितलेले नाही. त्या मादीची बरणी अजून धुतलेली नाही.