अल्बीचा डावा तळ

हार्थविक ओटर्स या आमच्या मोटारसायकल शर्यतीच्या संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण शुक्रवारची शर्यत संपल्यावर पबमध्ये न जाणारी क्लबात मी एकटीच होते. संघाला पन्नास वर्षं होत होती. मालकांना एक पुस्तिका हवी होती आणि प्रवेशद्वाराशी एक काचेचं कपाट. त्यात जुने करंडक, ऊदमांजराचं चित्र असलेल्या जर्सी आणि अल्बीचा तळ ठेवायचा होता.

आमच्या मोटारसायकलींना ब्रेक नसतात. वळणावर गाडी आडवी घसरवायची आणि डावा पाय मातीवर टेकवून सावरायचं, म्हणून डाव्या बुटाखाली पोलादी तळ पट्ट्यांनी बांधतात. तो झिजला की त्यावर वेल्डिंगचा नवा थर चढवायचा. अल्बी क्रॉफ्टने १९५७ साली तेवढाच आळस केला. तिसऱ्या वळणावर त्याच्या तळाचं भोक मातीत अडकलं आणि तो मागच्या गाडीखाली आला. तेव्हापासून तो तळ दुरुस्तीच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होता. दर मार्चमध्ये, मोसमाच्या आधी, मेकॅनिक नॉरिस त्यावरही एक थर चढवायचा. पोरांना धडा म्हणून करत असेल, असं मी धरून चालले होते.

मी उभा जन्म पोलादाच्या कारखान्यात धातू तपासण्यात घालवला. तळ हातात घेतला आणि तो हलका लागला. इतके थर चढले असते तर तो विटेसारखा जाड व्हायला हवा होता. हा तर रोजच्या वापरातल्या तळासारखा होता, बाहेरच्या कडेने घासलेला, चकचकीत.

"नॉरिस, थर चढवतोस की नुसताच चहा ढोसतोस?"

"चढवतो की."

"मग जातात कुठे?"

नॉरिसने चिंधीला हात पुसले. "वापरल्यावर झिजणारच ना, ग्लेनिस."

"वापरतंय कोण?"

"हे बघ, मी माझं काम करतो. तू तुझं पुस्तक लिही."

म्हातारा थापा मारतोय, असं मी ठरवून टाकलं. मूळ धातू जपायचा तर यापुढे वेल्डिंग नको, असं मालकांना सांगितलं, आणि त्यांनी ते मानलं. तळ कपाटात गेला. कुलपाची किल्ली माझ्या घराच्या किल्लीसोबत माझ्याच पर्समध्ये राहायची.

माझा मुलगा किट त्या वर्षी संघात होता. कँटीनमध्ये सँडविच खाता खाता त्याने मला चिडवलं, "काय गं आई, यंदा बिचाऱ्या अल्बीला नवा तळ नाही?"

"तो कुठे जाणार आहे?"

"तुझा भरवसा नाही. उद्या मलाही काचेत ठेवशील."

किटच्या तळाचं वेल्डिंग मी स्वतः करायचे. त्याचा डावा पाय जरा आत वळायचा, त्यामुळे त्याचा तळ आधी अंगठ्यापाशी झिजायचा. "पाय सरळ टाक" म्हणून लहानपणी मी त्याचं डोकं खाल्लं होतं. उपयोग शून्य.

जूनमध्ये कपाट पुसताना अल्बीचा तळ बारीक झाल्यासारखा वाटला. कारखान्यातलं मोजमापाचं साधन आणून जाडी मोजली, मग पुन्हा मोजली. गंज म्हणावा तर गंजाचा डाग नव्हता, कडा लखलखत होती. ऑगस्टमध्ये टाचणीएवढं भोक दिसलं. काचेच्या फळीवर मैदानावरची तांबडी माती पडली होती. बोट लावलं तर ओली होती.

मी नॉरिसला बोलावून आणलं. त्याने भोक पाहिलं आणि टोपी काढली.

"आत्ता बाहेर काढ. मी टाकतो थर."

"शुक्रवारी जुने खेळाडू मुद्दाम बघायला येतायत. शनिवारी करू."

"ग्लेनिस, शर्यत शुक्रवारी आहे."

"मला माहीत आहे शर्यत कधी आहे ते."

गुरुवारी मी किटच्या तळावर नवा थर चढवला. चांगला जाड.

शुक्रवारी किट निळ्या हेल्मेटमध्ये होता. सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर गेली आणि चौघे सुटले. पहिल्या फेरीत तो पुढे होता, दुसऱ्या फेरीतही.

तिसऱ्या वळणावर त्याचा डावा पाय मातीत रुतला.

मागच्याला थांबायला ब्रेक नव्हते.

हॉस्पिटल येण्याआधीच किट गेला. मी त्याची आई आहे. अजून शुक्रवार आला की मला सहन होत नाही, आणि याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

नर्सने त्याच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. तळ कागदासारखा पातळ झाला होता आणि मधोमध भोक होतं. मी चढवलेला थर त्यावर नव्हता.

रविवारी मी कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. अल्बीचा तळ उचलला तर हाताला जड लागला. त्यावर नवा, जाड थर होता. वेल्डिंग ज्याचं त्याला ओळखू येतं.

ते माझं होतं.

पुस्तिका छापून झाली. त्यात यातलं काहीच नाही. कपाटात आता फक्त करंडक आणि जर्सी आहेत. शेडमध्ये दोन खिळे आहेत. मार्च आला की नॉरिस अल्बीच्या तळावर थर चढवतो आणि मी किटच्या. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

पहिल्या वर्षी मोसम संपल्यावर मी दोन्ही तळ खाली काढले आणि उजेडात धरले. अल्बीचा बाहेरच्या कडेने घासला होता, नेहमीसारखा.

किटचा अंगठ्यापाशी. पाय अजून आतच टाकतो.