दोनशे बारा निरोगी घोटे

पडद्यावर अठ्ठ्याण्णव टक्के दिसत होते आणि शलाका बुधकर फळीवरून खाली पडली होती.

मिरजेजवळच्या गतिविज्ञान केंद्रातली ती फळी म्हणजे फार काही नाही, एका बाजूला वीतभर झुकलेला लाकडी उतार. त्यावरून तिरकं चालत जायचं, बस्स. शलाका या महिन्यात चौथ्यांदा पडली. पहिल्या खेपेला ती ओरडली होती, दुसऱ्या खेपेला रडली होती. आता तिनं नुसता डावा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "मॅडम, मशीन मला पास करतंय आणि फळी नापास करतीय. कुणाचं खरं मानायचं?"

"ऊठ आधी," डॉ. मृदुला अभ्यंकर म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख, साठीला आलेल्या. उत्तर त्यांच्याकडे असतं तर त्यांनी ते पहिल्याच खेपेला दिलं असतं.

शलाका बत्तीस वर्षांची. आठ वर्षांपूर्वी ती राज्याच्या खो-खो संघात होती आणि खांबाला तिच्याइतका आखूड वळसा घालणारी दुसरी कुणी नव्हती. डावा घोटा किती वेळा मुरगळला ते तिनं मोजलं नाही. मुरगळला की क्रेप बँडेज, आंबेहळदीचा लेप, आणि दुसऱ्या दिवशी मैदान. आता ती एका क्रीडा प्रबोधिनीत मुलींना शिकवत होती आणि घरचा जिना कठडा धरून उतरत होती. येत्या सोमवारी तिचं ऑपरेशन ठरलं होतं. घोट्याच्या सांध्यात स्क्रू मारून तो कायमचा जोडून टाकायचा. पाय मुरगळणं थांबणार होतं, कारण तो वळणंच थांबणार होतं. त्यानंतर खांबाचा वळसा मुलींना तोंडानं सांगायचा. ते टाळायचं तर घोट्याला बांधायच्या भानपट्टीचा गुण यायला हवा होता, आणि सहा महिने बांधूनही तो येत नव्हता.

"मॅडम, मला एकदा मुळापासून सांगा," यास्मिन तांबोळी म्हणाली. ही संकेत-अभियंता, केंद्रात येऊन तिला तीन आठवडे झाले होते. "पट्टीचा प्रोग्राम मी ओळ न् ओळ वाचलाय. घोट्यातलं मला काही कळत नाही."

मृदुलाबाईंनी हे आयुष्यात हजार वेळा सांगितलं असेल. त्या खुर्चीत टेकल्या.

"हाडाला हाड बांधून ठेवतात ते अस्थिबंध. लोकांना वाटतं ते नुसते दोर. पण त्यांच्यात मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल आत्ता असं आहे, आता असं कललं, अशी बातमी ती क्षणाक्षणाला मेंदूला देत असतात. हे स्थितिभान. डोळे मिटले तरी आपला पाय कुठे आहे ते आपल्याला कळतं, ते यामुळे. घोटा मुरगळला की दोर ताणतो आणि त्याबरोबर ही टोकंही तुटतात. सूज पंधरा दिवसांत उतरते. खेळाडू म्हणतो, झाला बरा. टोकं मात्र बरी झालेली नसतात. त्यांना वेळ लागतो, हळूहळू सराव लागतो. तो न देता पळायला लागलं की मेंदूला अर्धीमुर्धी बातमी मिळते आणि तो अंदाजानं पाय टाकायला शिकतो. अंदाज चुकतो, पाय पुन्हा मुरगळतो, आणखी टोकं जातात."

"आणि पट्टी?"

"पट्टी घोट्याचा कोन मोजते. त्या कोनाला निरोगी घोट्यानं जी बातमी पाठवली असती, तीच बातमी बारीक विजेच्या ठोक्यांनी मज्जातंतूला देते. सहा महिन्यांत मेंदू ती शिकतो. मग पट्टी सोडायची."

"निरोगी म्हणजे कुणाचा घोटा?"

"प्रमाणघोटा. दोनशे बारा खेळाडूंची सरासरी. आठ वर्षांपूर्वी आम्हीच तयार केला. देशभर तोच वापरतात. पडद्यावरचे टक्के म्हणजे पाय त्याच्याशी किती जुळला ते." एवढं सांगताना तेवढ्यापुरता मृदुलाबाईंचा शीण गेला होता.

"खेळाडूच का पण? माझा घोटा घेतला असता. कधी मुरगळला नाही."

"तू कधी भरधाव पळताना खांब धरून गर्रकन वळलीयस? ही सरळ चालताना पडत नाही, पाय तिरका पडला की पडते. त्या तिरक्या पावलाची नोंद तुझ्या पायाकडे नाहीच."

यास्मिन हसली. "तेही खरंच. पण दोनशे बारा धडधाकट खेळाडू एका जागी सापडले तरी कुठे?"

"खो-खोच्या राज्य निवड शिबिरात. सगळ्या तिथं जमल्याच होत्या, दोन दिवसांत काम उरकलं."

शलाका पाणी पीत होती. तिनं बाटली खाली ठेवली.

"मॅडम, ती तपासणी तुमची होती? पोटरीला चिकटपट्ट्या लावून पळवलं होतं, ती?"

"हो. का गं?"

"अहो, आम्हाला वाटलं तो निवडीचाच भाग आहे!"

ती पुढं सांगू लागली. "आधी एक फॉर्म होता. गेल्या वर्षभरात घोट्याला दुखापत झाली आहे काय? आम्ही सगळ्यांनी 'नाही'वर खूण केली. 'हो' म्हणणारी पोरगी संध्याकाळच्या एसटीनं घरी, हे कुणाला ठाऊक नव्हतं?"

"आणि तुझा पाय त्या दिवशी?"

"मुरगळून चार दिवस झाले होते. टम्म सुजला होता. मोज्यात बँडेज आणि त्यावर आणखी एक मोजा."

मृदुलाबाईंचा चेहरा उतरला. "तू एकटीच असशील तशी," त्या म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

"एकटी? जालिंदर सरांना फोन लावा."

जालिंदर सर त्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते, आता सत्तरीचे. फोन स्पीकरवर टाकला. प्रश्न ऐकून ते मनमोकळे हसले.

"अहो मॅडम, खो-खोत घोटा न मुरगळलेला खेळाडू म्हणजे राखीव खेळाडू. मैदानात उतरलेला तसा एकही माझ्या बघण्यात नाही. मीच पोरींना सांगितलं होतं, फॉर्मावर काही लिहू नका. मुरगळणं ही काय दुखापत झाली? मोडलं तर सांगा म्हटलं."

"सर, मी त्या पायांवरून प्रमाण ठरवलं," मृदुलाबाई म्हणाल्या. "निरोगी पाय कसा असतो, त्याचं."

पलीकडे हसू थांबलं. सर म्हणाले, "मग आडातच नव्हतं म्हणा की. पोहऱ्यात कुठनं यायचं?" आणि त्यांनी फोन ठेवला.

मृदुलाबाईंनी शेवटची काडी धरून पाहिली. "पण ही सरासरी आहे, यास्मिन. दोनशे बारा जणींच्या चुका एकमेकींना खोडून काढतात. आकडेशास्त्र आहे ते."

"चुका वेगवेगळ्या दिशांनी असत्या तर खोडून निघाल्या असत्या." यास्मिननं जुन्या नोंदी एकेक करून उघडायला सुरुवात केली होती. "पाय मुरगळतो तो बहुतेक आतल्या बाजूलाच ना? मग सगळ्या जणी एकाच तऱ्हेनं सावरणार. हे बघा. पाऊल जरा बाहेर टाकलेलं आणि बाहेरचा स्नायू उशिरा जागा होतोय. हिचाही उशिरा. हिचाही. मॅडम, सरासरीनं ही चूक खोडली नाही, उलट पक्की केली. हा लंगडा घोटा आहे. शलाकाताई सहा महिने स्वतःचंच लंगडणं गिरवतायत, म्हणून अठ्ठ्याण्णव."

"माझा मलाच आहेर," शलाका म्हणाली. तिला राग यायला हवा होता. पण रागावायलाही अंगात काही लागतं.

मृदुलाबाईंना मात्र मनापासून लाज वाटली आणि त्यांनी ती बोलून दाखवली. "मी डॉक्टर आहे गं. मोजा उतरवून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण दोनशे बारा जणी रांगेत होत्या आणि मला दोन दिवसांत आटपायचं होतं. मला लाज वाटते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारच्या आत काही करता येईल का, यास्मिन?"

"एक खराखुरा घोटा द्या. कधीच न मुरगळलेला, पण खांबाला वळणारा. एका पायावरूनसुद्धा मी पट्टी नव्यानं बसवून देईन. फळीवर दोन दिवसांत फरक दिसेल, आणि फरक दिसला की सर्जनना थांबवता येईल."

"आणि तो ओळखायचा कसा? विचारलं तर सगळ्या 'नाही'च म्हणणार."

"विचारायचंच कशाला?" यास्मिन म्हणाली. "प्रबोधिन्यांतल्या निवडीलाही हाच प्रमाणघोटा लावतात ना? साठ टक्क्यांच्या खाली गेली की मुलगी बाद. मग खरा निरोगी घोटा यात बसणारच नाही. त्याला कमी टक्के पडणार. ज्या मुली बाद झाल्या आणि तरीही एकदाही अडखळल्या नाहीत, त्या बघा."

शलाकाला यादी बघायची गरज पडली नाही.

"गोदावरी कोकरे," ती म्हणाली. "जत तालुक्यातली. पंधरा वर्षांची. मेंढरांच्या मागं खडकाळ माळावर पळून पळून पाय तयार झालेला. एप्रिलच्या निवडीत तिनं खांबाला असा वळसा घातला, मॅडम, की मी शिट्टी वाजवायची विसरले. तिला एकेचाळीस टक्के पडले. डोळ्यांना दिसत होतं, आणि मी मशीनचं ऐकलं."

"तिची नोंद असेल की!" मृदुलाबाई उठल्याच.

यास्मिननं शोधलं. नोंद नव्हती. अल्पवयीन मुलांच्या शरीराची माहिती तीस दिवसांनी पुसायची, असा नियम होता. तो मृदुलाबाईंनीच आग्रह धरून करून घेतला होता, आणि तो चांगला नियम होता. मागे राहिला होता नुसता आकडा, एकेचाळीस.

"मग जाऊ या तिच्याकडं," यास्मिन म्हणाली. "मोजायचं यंत्र गाडीत बसतं."

शनिवारी सकाळी तिघी निघाल्या. रस्ताभर यास्मिनच बोलत होती. कच्च्या रस्त्याला लागल्यावर मृदुलाबाईंनी विचारलं, "शलाका, गप्प का? देव पावला म्हण की. मुलगी सापडली, पाय वाचेल."

शलाका म्हणाली, "बाद झाल्यावर ती फार रडली, मॅडम. मला बघवेना. प्रबोधिनीत एक भानपट्टी जास्तीची होती. ती मी तिला दिली. म्हटलं, रोज बांध, घोटा सुधारेल, पुढच्या निवडीला ये."

मृदुलाबाईंनी डोळे मिटून घेतले. एप्रिलपासून पाच महिने झाले होते. "बांधली नसेल," यास्मिन म्हणाली. "पोरं कुठं ऐकतात?"

गाडी वस्तीसमोर थांबली. गोदानं शलाकाला लांबूनच ओळखलं आणि ती माळाच्या उतारावरून पळत आली. तिघीही तिच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत होत्या. पळणं झकास होतं. फक्त प्रत्येक पाऊल जरा बाहेर पडत होतं, जपून, मुरगळलेल्या पायाचं पडतं तसं.

"ताई, सत्त्याण्णव झाले!" ती धापा टाकत म्हणाली. घोट्यावर पट्टी घट्ट आवळलेली होती, तिच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसत होता. "एक दिवस खाडा नाही केला. आईनं लग्नाला चल म्हटलं तरी गेले नाही. आता घेणार ना मला?"

शलाका तिच्यापुढे मातीतच बसली. यास्मिननं यंत्राची पेटी अर्धी बाहेर काढली होती, ती परत आत सरकवली. मृदुलाबाई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"ताई, बोला की. घेणार ना?"

"तुला नाही तर कुणाला घेणार?" शलाका म्हणाली आणि पट्टीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना.

गोदानं घाईघाईनं पाय मागं घेतला.

"नको ना ताई, सोडू नका. पट्टी काढली की पाय मुरगळतो. गेल्या आठवड्यात दोनदा मुरगळला." आणि आपल्याच पायाकडे बघत ती म्हणाली, "आधी कधी मुरगळत नव्हता."