हँडल आडवं

शनिवारी सकाळी दहाला दारात आलेल्या बाईंच्या बोटांना खडू तसाच होता. शाळेतला विज्ञानाचा तास अर्धा टाकून त्या आल्या होत्या.

"आज संध्याकाळी पाचला सुरक्षेच्या सभेत माझ्या धाकट्या भावाला दोनशे इंजिनिअरांसमोर बेजबाबदार ठरवणार आहेत," त्या म्हणाल्या. "नाव घेणार नाहीत म्हणे. पण घ्यायचं बाकी काय राहिलंय? भागातले सगळे कारखानदार तिथे येतात. उद्यापासून त्याला कोण उभं करेल?"

ताईंनी खुर्ची पुढे केली. विम्याच्या पाहणीत वीस वर्षं काढून त्या खाजगी तपासाकडे वळल्या होत्या. कोपऱ्यात पेन्सिलीला टोक काढत बसले होते ते त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ताई त्यांना भावोजी म्हणत, म्हणून सगळं गाव त्यांना भावोजीच म्हणे. घरी बायकोचं डोकं खाण्यापेक्षा मेहुणीचं खाल्लेलं बरं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

प्रकरण असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी रसायनांच्या कारखान्यात टाकी धुवायला उतरलेले मामा, म्हणजे तिथले सर्वांत जुने कामगार, आत कोसळले. टाकीत नायट्रोजन भरला होता. त्याला ना रंग, ना वास. तो हवेची जागा घेतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. मामा थोडक्यात वाचले. बाईंचा भाऊ तेव्हा शिफ्टवर होता.

"वहीत त्यानं लिहिलंय," बाईंनी फोटो दाखवला. "नऊ चाळीस. नायट्रोजन बंद. हँडल आडवं. आणि चौकशीवाले म्हणतात, हाच त्याचा कबुलीजबाब. त्या दिवसापासून त्याला कारखान्यात पाऊल टाकू दिलेलं नाही."

"बंद लिहिलंय की," भावोजी म्हणाले.

"हँडल पाइपाच्या दिशेत असलं तर व्हॉल्व्ह उघडा, पाइप ओलांडून असलं तर बंद," ताईंनी समजावलं. "चला, पाइप बघू."

कारखान्यात नायट्रोजनचा पाइप भिंतीला धरून कमरेएवढ्या उंचीवर आडवा गेला होता. त्यावर हँडल आडवं म्हणजे व्हॉल्व्ह सरळसरळ उघडा. भावोजींचा चेहरा पडला. करायला काही नाही म्हणून ते वहीत भिंतीचं चित्र काढू लागले. व्हॉल्व्हच्या मागे छतापासून जमिनीपर्यंत वीतभर रुंदीचा फिका पट्टा होता. रंगाऱ्यानं कामात पाणी घातलंय, असं पुटपुटत त्यांनी तोही काढला.

मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. "बाई, मुलगा वाईट नाही. पण गेल्या आठवड्यात मुख्य कचेरीची समिती आली, फोटो काढले, अहवाल दिला. माझे हात बांधलेत."

फिटर हात पुसत आला. मामांना टाकीतून ओढून काढणारा तोच. "मामा निरोप धाडायचे, बघायला ये, बघायला ये," तो म्हणाला. "पण ही नवी लाइन टाकता टाकता माझीच पाठ मोडली. दवाखान्यात जाणं झालंच नाही. वाईट वाटतं."

"जुनी का काढली?"

"व्हॉल्व्ह झिरपायचा. घट्ट बंद केला तरी थोडा थोडा सोडायचाच."

"समितीला सांगितलंत?"

"मला कोण विचारतंय?"

सुरक्षा अधिकारी केबिनमध्ये संध्याकाळच्या भाषणाची उजळणी करत होता. दोन महिन्यांपूर्वीच लागलेला, बोलण्यात गूळ. मामांना आत सोडण्याच्या परवान्यावर शेवटची सही त्याची होती.

"दहा वाजता मी स्वतः गेलो," तो म्हणाला. "टाकीतली हवा यंत्रानं मोजली. उत्तम होती."

"व्हॉल्व्ह पाहिलात?"

"पाहणारच. हँडल ताठ उभं होतं. पाइपाला काटकोनात, म्हणजे बंद. माझ्यामागून त्या मुलानं फिरवलं असणार. माणूस आहे, चुकतो."

बाहेर आल्यावर भावोजी हळूच म्हणाले, "ताई, आपला मुलगा गेला कामातून."

"भावोजी, तुमची वही द्या," ताई म्हणाल्या. "आणि जेवून घ्या. पाचला सभागृहात भूक आड यायला नको."

पाचला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत मॅनेजर होता, दाराशी फिटर उभा होता, शेवटच्या रांगेत बाई आणि त्यांचा भाऊ बसले होते. तो मान वर करत नव्हता. अधिकाऱ्यानं पडद्यावर वहीचं पान मोठं करून दाखवलं, आणि 'हँडल आडवं' ही अक्षरं भिंतभर झाली.

"एक शंका आहे," ताई उभ्या राहिल्या. "दहा वाजता हँडल कसं होतं म्हणालात?"

"उभं."

"नक्की?"

"डोळ्यांनी पाहिलं."

ताईंनी भावोजींची वही उघडून मॅनेजरसमोर धरली. "भिंतीवरचा हा उभा पट्टा आमच्या भावोजींनी टिपला. रंगाऱ्याची चूक नव्हे ती. तिथे वर्षानुवर्षं उभा पाइप होता, त्याच्यामागे रंग पोचलाच नाही. फिटर, आडवा पाइप कधी टाकलात?"

"मामा दवाखान्यात होते तेव्हा. अपघातानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी."

"म्हणजे अपघाताच्या दिवशी पाइप उभा होता. उभ्या पाइपावर हँडल आडवं म्हणजे बंद. मुलानं लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं. समितीनं नवा पाइप पाहिला आणि त्यावर जुनं वाक्य वाचलं." त्या अधिकाऱ्याकडे वळल्या. "आता तुमचं. उभ्या पाइपावर हँडल उभं म्हणजे व्हॉल्व्ह सताड उघडा. तसं असतं तर तुमचं यंत्र बोंबललं असतं. तुम्ही मात्र हवा उत्तम म्हणता. साहेब, तुम्ही त्या दिवशी तिथे गेलाच नाहीत. केबिनमध्ये सही केलीत, आणि जागा पाहिलीत ती पाइप बदलल्यावर. गॅस बंद व्हॉल्व्हमधून झिरपून साठत होता; हवा मोजली असती तर मामा आत उतरलेच नसते. यंत्रात प्रत्येक मोजणी तारीखवार राहते. दाखवता?"

अधिकाऱ्यानं पाण्याचा पेला उचलला, पण प्यायला नाही. "रोजच ठीक असायची हवा," तो कसाबसा म्हणाला.

मॅनेजर उठला आणि शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला. "आजचं भाषण तू कर."

"मला भाषण येत नाही," मुलगा म्हणाला. पण बहिणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तसा तो उठला.

मंचावर तो पडद्यावरच्या आपल्याच अक्षरांकडे वळला. "मामांना आत मी सोडलं," तो म्हणाला. "सही बघितली आणि सोडलं. यंत्रावरचा आकडा मागितला नाही. ती चूक माझी. मामांना मी रविवारी भेटून हे सांगितलंय."

त्यानं फळ्यावर खडूनं आपलं वाक्य पुन्हा लिहिलं, आणि 'आडवं' या शब्दाआधी जागा करून एक शब्द घातला: पाइपाला.

"यापुढे असं लिहू या," तो म्हणाला. "पाइप बदलला तरी खोटं ठरणार नाही."

दोनशे माणसांनी वह्या उघडल्या. भावोजींनीही ते उतरवून घेतलं, आणि पेन्सिल खाली ठेवताना त्यांचे डोळे भरून आले.

"पट्टा मी पाहिला होता, ताई," ते म्हणाले. "कळला मात्र नाही."

"पाहिलात आणि जसा होता तसा काढलात," ताई म्हणाल्या. "समितीला तेवढंच करायचं होतं."