बांधावरची हाक

तुम्ही विचारत नाही. म्हणजे जिथं विचारलं नाही तर अंगाशी येईल, तिथं विचारता. मोठ्या मालकाचं रान आलं की बांधावर थांबता, हाक मारता, आतून ओ येईपर्यंत पाय टाकत नाही. आणि शेजारच्या मुरमाड पट्टीची मालकीण दिवसभर खडी फोडायला गेलेली असते, तिथं बेलाशक शिरता. वाकता, उचलता, पिशवीत टाकता. वर म्हणता, दगडच तर होता.

नरसिंगनंही तेच केलं होतं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाटी नवी, दुष्काळ जुनाच. नरसिंग तिथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. नव्या जिल्ह्याला स्वतःचा भूतकाळ दाखवायचा, या ध्यासानं त्यानं एका रिकाम्या खोलीत संग्रह मांडायला घेतला होता. दुष्काळानं त्याला मदतच केली. पिकं नव्हती. वाऱ्यानं रानांची माती उडवून नेली होती आणि खालून गारगोटीची बाणाची टोकं वर येत होती. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी घडवलेली, नखाएवढी, पण अजून बोट कापतील अशी.

कंधारच्या वाटेवरल्या एका गावात तो आधी मोठ्या रानाचे मालक किशनराव यांच्याकडे गेला. चहा झाला, परवानगी मिळाली, पण त्यांच्या काळ्या रानात हाती काही लागलं नाही. बांधापलीकडची पट्टी सरजाबाईची. बौद्ध वस्तीतली ही विधवा. जमीन तिच्या नावावर होऊन फार काळ झाला नव्हता. नरसिंग सवयीनं बांधावर थांबला, तसे किशनराव हसले.

"तिथं कुणाला हाक मारताव, सर? जाव की."

तो गेला.

भर दुपार होती. पाखरू नव्हतं, वारा नव्हता, तापलेल्या दगडांचा कोरडा वास तेवढा होता. टोकं मात्र जागोजाग पडली होती, कुणी आत्ताच खाली ठेवल्यासारखी. तो एकेक उचलत गेला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की उचललेल्या प्रत्येक टोकाखाली जमीन ओली आहे. सगळं रान भेगाळलेलं, आणि तेवढाच ठिपका ओला, काळपट. त्यानं बोट लावून हुंगलं. गंजलेल्या लोखंडासारखा वास आला. त्यानं बोट धोतऱ्याच्या पानाला पुसलं आणि पुढं वाकला.

दिवस कलला तेव्हा सरजाबाई कामावरून आली. ती स्वतःच्याच बांधावर थांबली. रिकाम्या रानाकडे तोंड करून तिनं हाक दिली, "येऊ का?" जराशी थांबली, मग आत आली. नरसिंगला गंमत वाटली.

"सर, तुमी हाक मारली होती का?"

"मारली होती," तो खोटं बोलला. "कुणी ओ दिली नाही."

"मंग परत जायाचं असतंय." ती पिशवीकडे बघत होती. "कागदावर मी मालकीण हाव. पर इथं आमच्या आधीचं बी हाय कुणीतरी. आमी रोज इचारूनच आत येताव."

"आणि उत्तर येतं?"

तिनं पिशवीकडे बोट केलं. एवढंच म्हणाली, की सगळं जिथल्या तिथं ठेवा, बांधावर जाऊन हाक मारा, मग न्या. मी नको म्हणणार न्हाई. नरसिंगनं तिला समजावलं, की ही टोकं तिचीही नाहीत अन् त्याचीही नाहीत, सगळ्यांची आहेत. पाटीवर तिचं नाव घालतो म्हणाला. तोवर एसटीची वेळ झाली, तो पिशवी उचलून निघाला.

खोलीत त्यानं पांढऱ्या कापडावर टोकं गोलाकार मांडली, अणकुचीदार अण्या बाहेरच्या बाजूला, सूर्याच्या किरणांसारखी. वरून काच बसवली. सकाळी आला तर सगळ्या अण्या एकाच दिशेला. त्याच्या खुर्चीकडे.

त्यानं शिपाई धोंडप्पाला झापलं. धोंडप्पा म्हणाला, "सर, मी त्या काचेवरली धूळ बी पुसत न्हाई. माझी बायको हाय, लेकरं हायती." नरसिंगनं खुर्ची खिडकीशी नेली. टाचणं तपासून मान वर केली, तेव्हा अण्या खिडकीकडे वळल्या होत्या. त्या दिवसापासून छातीत बोचू लागलं. डॉक्टरला काही सापडेना. रोज बोच थोडी आत जायची, आणि श्वास घेतला की लोखंडाचा वास यायचा. ही पाठीपर्यंत पोचली की आपण उरत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तो टोकं घेऊन परत निघाला. गावाबाहेर खडीचं काम चाललं होतं. बायांच्या रांगेत सरजाबाई होती. तिच्याजवळ जायचं, खोटं बोललो म्हणायचं, तिला सोबत घेऊन बांधावर उभं राहायचं... इतकंच करायचं होतं. त्यानं दोन पावलं टाकलीही. तेवढ्यात छत्री धरून उभे असलेले किशनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय सर, आज सरजाबाईची परवानगी घ्यायला आलाव का?"

माणसं हसली. नरसिंगही हसला. आणि सरळ पुढं निघून गेला.

पट्टीवर कुणी नव्हतं. बांधावर उभं राहून त्यानं हाकेसाठी तोंड उघडलं, पण मागून खडीवरच्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि त्यानं तोंड मिटलं. त्यानं उभ्याउभ्या पिशवी उलटी केली.

टोकं खाली पडल्याचा आवाज झाला नाही.

त्यानं पायाशी पाहिलं. मुरूम होता, भेगा होत्या. टोकं कुठंच नव्हती. तो वळला आणि झपझप चालू लागला. तेव्हा पाठीमागून, त्या रिकाम्या रानातून, कुणीतरी शांतपणे ओ दिली.

"ओ..."

त्यानं हाक मारलीच नव्हती.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटली, आणि त्याला जाणवलं की बोच थांबली आहे. छाती अगदी हलकी, पोकळ वाटत होती. डोळे भरून आले. तिकीट काढायला तो पुढं वाकला, तसा कंडक्टर त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

"सर, सदरा कशात अडकला होता का? पाठीवर बारीक बारीक भोकं पडलीत... अन् धागे सगळे बाहेरच्या अंगाला आलेत."