बेरीज अठ्ठ्याण्णव

त्र्याण्णव सालचा मार्च महिना. जालन्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, भाड्याच्या दोन खोल्यांतल्या एका आरोग्य संस्थेच्या ऑफिसात धर्मराज टक्केवाऱ्या काढत बसला होता. अभ्यास घनसावंगी तालुक्यातल्या नऊ गावांमधल्या तीनशे बारा बायांचा. मुलं किती झाली, त्यांतली हयात किती, दगावली किती. फॉर्म भरायला दुसरे होते, आकडे जुळवायचं काम याचं. माणूस मोठा चिकट. माणसांवर चटकन विश्वास टाकी, आकड्यांवर कधीच नाही. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून तर समोरचा डबा गार झाला तरी त्याची मान वर होत नसे.

झालेली मुलं अकराशे पन्नास. हयात नऊशे एकोणनव्वद, म्हणजे शहाऐंशी टक्के. दगावलेली एकशे अडतीस, म्हणजे बारा टक्के. बेरीज अठ्ठ्याण्णव.

कॅल्क्युलेटरचे सेल उतरले असतील, म्हणून त्याने कागदावर पुन्हा केलं. मग चार उभ्या रेघांवर एक आडवी मारत, फॉर्म एकेक करून मोजले. अठ्ठ्याण्णवच. तेवीस मुलं ना या रकान्यात होती, ना त्या.

ऑफिसचे प्रमुख रामराव म्हणाले, माहिती अपूर्ण अशी तळटीप टाक आणि मोकळा हो. पण माहिती अपूर्ण नव्हती. एकही चौकट रिकामी नव्हती, आणि हेच त्याला छळत होतं. त्याने बेरीज न जुळणारे फॉर्म बाजूला काढले. तेवीस बाया, प्रत्येकीचं नेमकं एक मूल कमी. गावं निराळी, जाती निराळ्या, फॉर्म भरणारे निराळे. दोन दिवस डोकं खाजवूनही त्यांच्यात सारखं काही सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याची नजर चौदाव्या प्रश्नावर गेली. पहिलं बाळंतपण कुठे झालं?

तेविसांच्या तेवीस ठिकाणी एकच गाव. लिंबसावळी.

उरलेले दोनशे एकोणनव्वद फॉर्म त्याने चाळले. लिंबसावळीचं नाव कुठेच नव्हतं. तेविसांपैकी तेवीस, शंभर टक्के. नमुना लहान आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नये, असं त्याने स्वतःला बजावलं. ते पाठच होतं त्याला. तरी त्याने ते तेवीस फॉर्म पुन्हा एकदा वाचले, कारण त्याची बायको उषा बाळंतपणाला गेली होती ती लिंबसावळीलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुंभार पिंपळगावची एसटी धरली. तेवीस बायांच्या यादीत पहिलं नाव तिथल्या बदरुन्निसाचं होतं. ती दारात ज्वारी पाखडत बसली होती. मुलं पाच झाली, तीन आहेत, एक तापाने गेला, असं तिने न अडखळता सांगितलं.

"तीन आन् एक चारच झाले," धर्मराज म्हणाला.

"पाच. बराबर हाय ना, साहेब." तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. चार पेरं झाली आणि अंगठा पाचव्यावर नुसताच थांबला. घरी काहीतरी विसरून आल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"पहिला माझ्या अम्मीकडं झाल्ता," ती सावकाश म्हणाली. "लिंबसावळीला."

"मंग आता कुठंय तो?"

तिने वर पाहिलं. "कोन?"

ती खोटं बोलत नव्हती. धर्मराज तसाच स्टँडकडे वळला.

लिंबसावळीला जाणारी जीप मिळेपर्यंत दुपार झाली. गाव इतर गावांसारखंच. पारावर मिरच्या वाळत घातलेल्या, हापश्यावर बायांची भांडणं. सासू झुंबरबाई गुळाचा खडा घेऊन सामोरी आली.

"जावईबापू, येळेवर आलात. पहाटं लेक झाली."

तीन आठवडे आधीच झाली होती, पण तब्येतीनं चांगली होती. लालबुंद, मुठी आवळलेली. त्याने डाव्या हाताची करंगळी पुढे केली आणि तिने ती गच्च धरली. त्याला रडू आलं. इतका जीव आपण कशात गुंतवू शकतो हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग त्याने दोघींना आजच जालन्याला नेतो म्हणून हट्ट धरला.

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबरा वलांडत न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

कारण काय सांगणार? बेरीज दोन टक्के कमी येते म्हणून? उषासुद्धा म्हणाली, "अहो, असं काय करून राह्यलात?" शेवटी त्याने एकट्यानेच परतायचं ठरवलं. निघताना करंगळी सोडवून घ्यायला त्याला बराच वेळ लागला.

सव्वा महिन्याने त्याने जीप ठरवली आणि लिंबसावळीहून उषाला घेऊन आला.

अहवाल छापून झाला. खाली तळटीप होती.

शहाण्णव साली अभ्यासाची दुसरी फेरी निघाली. नव्या फॉर्मची चाचणी म्हणून फॉर्म भरायला नव्यानेच लागलेल्या पुष्पाबाई आधी धर्मराजच्याच घरी आल्या. उषा वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली.

मुलं किती झाली? दोन.

हयात? एक.

दगावली? एकही नाही.

पुष्पाबाईंचं पेन थांबलं. "सर, एक कमी येऊन राह्यलं."

धर्मराजने फॉर्म हातात घेतला. एक आणि शून्य. त्याने कॅल्क्युलेटरवर केलं, मग बोटांवर केलं. उषा त्याच्याकडे पाहत होती.

"कमी कुठंय?" तो म्हणाला. "बराबर हाय."

त्याने बरोबरची खूण केली. डाव्या हाताची करंगळी कुणीतरी गच्च धरून ठेवली होती. ती हळूच सोडवून घेऊन त्याने फॉर्मचं पुढचं पान उलटलं.